निळे कप

मशीनला अक्कल नाही, असं साऱ्या कारखान्याने ठरवून टाकलं होतं. त्या काळी असली यंत्रं नवलाचीच. फळांच्या रसात सेन्सरांची एक दांडी बुडवायची, की पडद्यावर त्या रसाचा ठिपका उमटायचा. सारख्या रसांचे ठिपके जवळजवळ. दांडी भिंगरी नावाच्या तरुण मुलीने जुळवली होती. कोणता ठिपका चांगल्या रसाचा नि कोणता उतरलेल्याचा, हे मशीनला शिकवायची तिची मावशी. मावशी म्हणजे कारखान्याची जीभ. तिने मान हलवल्याशिवाय बाटली दाराबाहेर पडत नसे.

पण शिकवणी काही जमेना. काल ज्याला मावशीने चांगलं म्हटलं, तसल्याच रसाला आज ती नाक मुरडायची. साहेबांनी निक्षून सांगितलं, "उद्यापर्यंत मशीनचं नि मावशींचं जुळलं नाही तर तुझं खेळणं परत जाईल. मावशींची जीभ चुकायची नाही."

भिंगरी हटणारी नव्हती. तिने दांडी धुतली, तारा तपासल्या, एकच रस पुन्हा पुन्हा दिला. ठिपके एकावर एक बसले. दांडीत खोट नव्हती. मग कुठे होती, हे मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. याच मावशीच्या मांडीवर बसून ती घोट घ्यायला शिकली होती. "रंगावर भाळू नये गं," म्हणत मावशी रस निळ्या कपात ओतायची. त्यात सगळेच रस काळपट दिसत.

तिची नजर टेबलाकडे गेली. कप पांढरे होते. हिवाळ्यातल्या तापातून उठल्यापासून मावशीने पांढरेच मागवले होते. डोळे थकले, म्हणाली होती.

भिंगरीने कपाटातले तीन निळे कप काढले, विसळले, रस ओतला आणि मावशीपुढे ठेवले.

मावशीने एकही तोंडाला लावला नाही. "वरच्या फळीवर होते. हात पुरला तुझा?"

"स्टुलावर चढले."

"तिन्हींत एकाच बाटलीतलं आहे ना?"

"कशावरून?"

"तुझ्या तोंडावरून. साखर चोरलीस की अस्संच व्हायचं." मावशी हसली, मग बराच वेळ कपाची कड पुसत राहिली. "गोड कळतं, आंबट कळतं. बाकी सगळं वासाबरोबर गेलं बघ. रंग बघून ठोकून देत होते."

"साहेबांना मी सांगणार नाही," भिंगरी म्हणाली. "पण मशीनला खोटं शिकवू देणार नाही."

"मग ते परत जाईल. त्याच्या मागोमाग तूही. खुळी कुठली." मावशी उठली. "दर खेपेची एक बाटली आपण राखून ठेवतो ना? तापाआधीच्या काढ. त्यांच्यावरचा माझा शेरा खरा आहे. ती जीभ शिकव त्याला. नंतरच्या शेऱ्यांवर काट मार."

"आणि तू?"

"दांडी धुवायला कुणी नको? तुला कप धड विसळता येत नाहीत."

एक निळा कप हातात घेऊन ती साहेबांच्या खोलीकडे निघाली. भिंगरी मागे आली, तशी दारातच वळली. "तू कुठे? बाटल्या काय आपल्या पायांनी येणारेत?"

आतून साहेब म्हणाले, "या मावशी, बसा."

"उभीच बरी," मावशी म्हणाली.

भिंगरीने स्टूल उचललं आणि बाटल्यांच्या फळीकडे निघाली.