न विचारलेलं शेत

सभागृहात आम्ही शेतकरी मागच्या खुर्च्यांवर होतो आणि माझी लेक पुढे, पडद्याजवळ. कोण शेतकरी कुठल्या तुकड्यात काय पेरेल, हे आधीच सांगणारं गणित तिनं संगणकावर मांडलं होतं. पाटबंधारे खात्याच्या साहेबांना ते पटलं, तर कालव्याचं पाणी त्याच्या भरवशावर सोडणार होते. नाही पटलं, तर तिची सगळी मेहनत वाया.

खात्याचं जुनं गणित दरवर्षी तोंडावर आपटायचं. त्यातला शेतकरी एकटाच, नुसता नफा बघून पेरणारा. लेकीनं त्यात शेजारी आणले. आमच्याकडे एकट्यानं सूर्यफूल पेरलं की सगळ्या शिवाराची पाखरं त्याच्यावरच तुटून पडतात. बांधाला बांध लागून तिघांनी पेरलं, तर नुकसान वाटलं जातं. एका वर्षी शहाणपणा करून मी एकट्यानं पेरलं, आणि पाखरांनी माझ्यासाठी दांडे तेवढे ठेवले. पुन्हा या पिकाचं नाव काढणार नाही, असं मी चारचौघांत सांगून बसलो. लेकीसमोरसुद्धा.

काय पेरणार, हे तिनं बाकी सगळ्यांना विचारलं होतं, पण गणिताची पारख करण्यासाठी काही शेतं मुद्दाम न विचारता सोडली होती. तिथलं पीक गणितानं ओळखायचं. बापाला विचारलं तर वशिला होईल, म्हणून त्यात माझंही होतं. साहेबांनी नकाशावर नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं.

तिनं गणित चालवलं. उत्तर तिच्यापुरतं दिसत होतं, पडद्यावर अजून आलं नव्हतं. बापाचा हट्ट तिला पाठ आहे. मका म्हणाली असती, तर कुणाला कळणार होतं?

"सूर्यफूल," ती म्हणाली. "शेत माझ्या वडिलांचं आहे. ते म्हणतात पेरणार नाही. पण दोन्हीकडचे शेजारी पेरतायत, म्हणून गणित हे सांगतंय. मी तेच सांगणार."

मागे हशा पिकला. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोनं कपाळाला हात लावला. साहेब माझ्याकडे वळले.

मी उठलो. उत्तर बरोबर की चूक, हा पुढचा भाग. माझ्या तोंडाकडे न बघता ती खरं बोलली, याचाच मला अभिमान वाटला.

"बियाणं कालच आणलंय," मी म्हणालो. "गोठ्यात लपवलंय. तिच्या आईलाही पत्ता नाही."

आता तिला पत्ता लागला होता. घरी माझी काही खैर नव्हती, तरी मी मान ताठ ठेवूनच खाली बसलो.