श्रद्धांजलीतलं सोळावं नाव

नंदाखालच्या देवेश राऊतने श्रद्धांजलीच्या चित्रफितीत सुशीला चुरींचा फोटो घातला, तेव्हा त्याला जराही शंका आली नव्हती. फेसबुकवर कुणीतरी त्या गेल्याचं लिहिलं होतं. नाव जुळत होतं, वयही जुळत होतं.

‘ध्रुवस्थानक’ ही अंतराळातली मालिका दूरदर्शनवर लागायची तेव्हा देवेश चौथीत होता. आता तो पन्नाशीला आला होता, एका शाळेत विज्ञान शिकवत होता, आणि दर रविवारी पापडी गावात मित्र युजीनच्या अंगणात मालिकेच्या चाहत्यांसोबत बसत होता. पाच-सहा जण जमायचे. यानातली बटणांची पाटी अंड्यांच्या ट्रेची होती की थर्माकोलची, वजन नसलेल्या जागेत डॉक्टरीणबाईंची वेणी खाली कशी लोंबते, यावर तासन्‌तास वाद व्हायचा. मालिकेतला कप्तान ऑगस्टमध्ये वारला, तेव्हा सगळ्या दिवंगत कलाकारांना श्रद्धांजली वाहायचं ठरलं. नावं देवेशने काढली. त्यांच्यातल्या सर्वांत लहान सलोनीने चित्रफीत जोडून फेसबुकवर टाकली. सोळावं नाव डॉक्टरीणबाईंचं, म्हणजे सुशीला चुरींचं होतं.

पंधरा दिवसांनी देवेशला फोन आला.

“मी निर्मळहून कृतिका चुरी बोलते. सुशीलाबाईंची सून. आई जिवंत आहेत.”

देवेशने पत्ता विचारून घेतला. बाई त्याच्या घरापासून एवढ्या जवळ राहतात, हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्याच दुपारी तो सलोनीला घेऊन निर्मळला गेला. केळीच्या वाडीला लागून असलेल्या घराच्या ओटीवर सुशीलाबाई बसल्या होत्या. एक्याऐंशी वर्षांच्या, बारीक, पाठीला बाक आलेला.

“बघितली मी,” त्या म्हणाल्या. “संगीत जरा मोठं झालंय.”

“बाई, चूक माझी आहे. मी खात्री करायला हवी होती. आजच काढून टाकतो.”

“काढा. पण आत्मारामांनी ती बघितली असेल का हो?”

आत्माराम पेठे म्हणजे मालिकेतल्या यंत्रमानवाच्या पोशाखातला माणूस. मालिकेच्या तीन वर्षांत त्यांचा चेहरा प्रेक्षकांना दिसला नव्हता. आता ते कोल्हापूरला मुलीकडे असत. बाईंचे यजमान गेल्यापासून, गेली अकरा वर्षं, दर गुरुवारी संध्याकाळी ते बाईंना फोन करत. मागच्या दोन गुरुवारी फोन आला नव्हता. बाईंनी केला, तर कुणी उचलला नाही.

सलोनीने इकडेतिकडे विचारून त्यांच्या मुलीचा, अनुष्काचा, नंबर मिळवला आणि तिथेच स्पीकरवर लावला.

“बाबा वर्षभर सगळं विसरतायत,” अनुष्का म्हणाली. “जेवल्याचंही लक्षात राहत नाही. हे मात्र विसरत नाहीत. ती फीत बघून त्यांनी अंघोळ केली, दिवसभर जेवले नाहीत. चुकीची बातमी आहे म्हणून मी किती सांगितलं. म्हणतात, तू माझी समजूत काढतेस. फोनवर काकूंचं नाव दिसलं की थरथरायला लागतात. म्हणून मीच फोन बाजूला ठेवला.”

“त्यांना मी दिसले तर पटेल,” सुशीलाबाई म्हणाल्या.

सलोनीने व्हिडिओ कॉल लावून फोन त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा आला.

“आत्माराम, मी सुशीला. मी इथे घरी बसलेय. हे बघा.” त्यांनी हात हलवला.

आत्माराम बराच वेळ बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “हुबेहूब केलंय. हल्ली मेलेल्या माणसांनाही बोलायला लावतात. आमच्या मालिकेत होतं, ते आता खरंच झालं.”

“अहो, मीच आहे.”

“ज्यांनी कुणी हे बनवलं असेल, त्यांना माझं एक सांगणं आहे. ती फार दमली होती. आता तिला त्रास देऊ नका.” त्यांनी हात जोडले. पडदा हलला आणि फोन बंद झाला.

देवेश बाईंच्या मागेच उभा होता. बाई कृतिकाला म्हणाल्या, “यांना चहा दे.”

देवेशने त्या रात्रीच चित्रफीत काढून टाकली आणि माफी लिहिली. पण तोवर ती किती ठिकाणी गेली होती याचा हिशोब नव्हता. सापडली तिथे तो खाली ‘बाई हयात आहेत’ असं लिहीत राहिला. फारसं कुणी वाचलं नाही.

महिन्याभराने तो पुन्हा निर्मळला गेला. बाईंनी आपणहून सांगितलं की त्या आता दर गुरुवारी सुनेच्या फोनवरून कोल्हापूरला बोलतात.

“ओळखलं त्यांनी?”

“नाही. मी सांगते, मी सुशीलाच्या गावची. मग ते तिच्याबद्दल बोलतात. ती अशी होती, तशी होती. मी ऐकते.”

“काय म्हणतात?”

“चांगलंच म्हणतात. मेलेल्या माणसाबद्दल कोण वाईट बोलतं?”

बाई एकदा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं देवेशला वाटलं. त्या रागावल्या नाहीत. कृतिकाने वाडीतली केळी दिली, ती घेऊन तो घरी आला. त्या रविवारी तो पापडीला गेला नाही. युजीनने दोनदा फोन केला, तोही त्याने उचलला नाही.