गारबाबांची न जळणारी शाल

अहो, काय ती गर्दी! दर शरदात नदीकाठच्या मैदानावर घराएवढी शेकोटी पेटायची आणि तिच्याभोवती शोभेचं दारूकाम व्हायचं. ते पाहायला माणसं लांबलांबून यायची, झाडांवर चढायची, एकमेकांच्या पायांवर उभी राहायची. यंदा मात्र दिवेलागण झाली तरी रचलेल्या लाकडांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना कोपऱ्यातल्या मांडवाकडे. तिथे गारबाबा आपली शाल पेटवत होते.

"अग्नी म्हणजे कोण?" बाबा गरजले. "आमचं लेकरू! आम्ही डोळे वटारले की निमूट बसतं!"

त्यांनी शाल घंगाळातल्या तीर्थात बुडवली, पिळली, चिमट्यात धरली आणि काडी लावली. भस्सकन जाळ उठला. निळसर ज्वाळा शालभर नाचल्या आणि विझल्या. शाल जशीच्या तशी! बाबांच्या जयजयकाराने मैदान दणाणलं.

"बघितलंस?" आत्याने शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरबाईंना, म्हणजे आपल्या भाचीला, कोपराने ढोसलं. "उगाच नाही तुझ्या भावाला बाबांकडून मंतरलेली शाल आणून दिली मी."

डॉक्टरबाईंचं लक्ष त्या भावाकडेच होतं. हा धाकटा म्हणजे सगळ्या दारूकामाचा प्रमुख. आभाळात जाऊन फुटणाऱ्या औटगोळ्यांना बत्ती द्यायचं काम त्याचं. त्यासाठी त्याच्याकडे कातडी अंगरखा होता, हातमोजे होते, लांबलचक बांबूचा पलिता होता. आज ते सगळं गाडीच्या टपावर पडलेलं, आणि साहेब खांद्यावर चकचकीत शाल टाकून मिरवत होते.

"ताई, यंदा पलिता नाही. जाळाशेजारी उभा राहून हाताने पेटवणार. लोक वर्षभर बोलतील!"

"लोक बोलतील रे, तू बोलशील का? गेल्या वर्षी तुझी भुवई कोण शोधत होतं?"

"तेव्हा शाल नव्हती."

भाजलेली माणसं बाई दर शरदात दवाखान्यात बघायच्या. त्यांच्यात आपला धाकटा? आई गेल्यावर त्याला त्यांनीच लहानाचा मोठा केला होता. वाद घालण्यात अर्थ नव्हता. 'नको' म्हटलं की हा गडी तेच दुप्पट करायचा.

त्या थेट मांडवात शिरल्या आणि घंगाळाशी वाकल्या. लोकांना वाटलं, बाई नमस्कार करतायत. बाई वास घेत होत्या. आणि त्यांना हसूच फुटलं. सुई टोचण्याआधी दंडावर कापूस फिरवताना रोज येतो, तोच हा वास!

त्यांनी गाडीतून औषधांची पेटी आणली. वाटीत अर्धं स्पिरिट, अर्धं पाणी घातलं. आपला रुमाल भिजवला, पिळला, चिमट्यात धरून पेटवला. भस्स! निळ्या ज्वाळा नाचल्या, विझल्या. रुमाल शाबूत.

"बघितलंत? आता यात खरं काय आहे—"

पुढचं बोलण्याआधीच एका म्हातारीने त्यांचे पाय धरले. "आई, तुम्ही तर देवी निघालात! आणि मी करंटी तुमच्याकडून नुसत्या गोळ्या नेत होते!"

मागे रांग लागली. कुणी रुमालाचा धागा मागू लागलं. आत्याने तर भाचीला वाकून नमस्कार केला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा गं माझा!"

"धन्य आहे तुमची!" बाईंनी कपाळावर हात मारला आणि रुमाल पुन्हा वाटीत भिजवून चिमटा आत्याच्या हातात कोंबला. "घे, तू कर."

आत्याने डोळे मिटून केलं. रुमाल शाबूत. मग पुन्हा भिजवून मैदानाच्या पहारेकऱ्याने केलं. तरीही शाबूत.

"आता हाही देव का? हा तर पहाऱ्यावर घोरतो!" बाई म्हणाल्या. लोक खो खो हसले. "अहो, जळतं ते स्पिरिट. कापडातलं पाणी कापडाला फार तापू देत नाही. ते पाणी आहे तोवर कापड वाचतं, इतकंच."

गारबाबा ताडकन उठले. "तुझ्या रुमालात रसायन आहे, आमच्या शालीत श्रद्धा! ती कोरडीसुद्धा जळत नाही!"

"बरं झालं बोललात. धाकट्या, तुझी श्रद्धा पक्की ना?"

"शंभर टक्के!"

"मग ती शाल चिमट्यात धर, अंगापासून लांब. आणि टोकाला काडी लाव."

धाकट्याने बाबांकडे पाहिलं. "लावू?"

बाबांनी घसा खाकरला. "आज... योग बरा नाही."

"अहो बाबा," आत्याच म्हणाली, "जाळाशेजारी उभं राहायला योग बरा, आणि एका काडीला नाही?"

धाकट्याने काडी लावली. शाल भडकली आणि वितळायलाच लागली. नायलॉनची होती ती. पेटते काळे थेंब टपटप गवतावर पडत राहिले आणि तिथेच जळत राहिले. धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई, हे माझ्या खांद्यावर होतं गं."

बाईंनी त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला, मग त्याला घट्ट जवळ घेतलं आणि भर मैदानात रडल्या. तेवढ्या वेळात गारबाबांनी पोबारा केला. मांडवात घंगाळ राहिलं, आणि गादीखाली स्पिरिटच्या रिकाम्या बाटल्या.

मग शेकोटी पेटली. धाकट्याने अंगरखा चढवला, पाण्याच्या बादल्या जवळ ठेवल्या आणि लांबूनच पलिता लावला. आभाळभर लाल, हिरवी, सोनेरी फुलं उमलली. आत्या आ वासून बघत होती.

"हे गं कुठल्या मंत्राचं?"

"मंत्र कसला? तुझ्या भाच्याने वर्षभर राबून केलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा दवाखान्यात आला आणि टेबलावर दोन्ही पंजे पसरून बसला. "मोजून घे ताई. सगळी आहेत." बाईंनी खरंच एकेक बोट दाबून पाहिलं.

बाकावर कालची म्हातारी होती. सवयीने तिने हात जोडले.

"जोडा आजी, हवे तिथे जोडा," बाई म्हणाल्या. "पण आधी वास घ्या, विचारा, स्वतः करून बघा. जोडायला हात तर शाबूत हवेत ना!"