जुन्या गावाचे ठिपके

टॅब लातूरच्या ट्यूशन एरियात सेकंडहँड मिळाला. परीक्षा संपली की तिथली पोरं कूलर, गाद्या, पुस्तकं, सगळं विकून गावाकडं पळतात. माझ्याआधीच्या पोरानं तर फिजिक्सच्या नोट्स पुसायचीही तसदी घेतली नव्हती. मी त्या एका झटक्यात उडवल्या. मला जागा हवी होती, अख्ख्या एका गावासाठी.

मी मुबश्शिरा. घर नांदेडला, विद्यापीठात समाजकार्याचं शेवटचं वर्ष. माझा प्रकल्प होता त्र्याण्णवच्या भूकंपात पडलेल्या, किल्लारीच्या बाजूच्या एका गावावर. माणसं नव्या गावात, सरळ रांगेतल्या घरांत राहायला गेली आणि जुनं गाव बाभळीखाली गेलं. गावठाणाचा जुना सरकारी नकाशा मला स्कॅन करून मिळाला होता. त्यावर नुसत्या रेघा आणि आकडे. कुठल्या रेघेत कोण राहायचं ते म्हाताऱ्या माणसांना विचारून नकाशावर टिपायचं आणि तीस सप्टेंबरला, भूकंपाच्या स्मृतिदिनी, गावच्या सभागृहात दाखवायचं, असं आमच्या भुजंग सरांनी ठरवून दिलं होतं.

टिपायचं ठीक, पण कशात? इथंच माझी आणि उज्वलाची जुंपली. उज्वला हदगावची, माझी वर्गमैत्रीण आणि प्रकल्पातली जोडीदार. तिचं अ‍ॅप बघितलं की लग्नाची पत्रिका बघितल्यासारखं वाटायचं. अकरा रंगांची पेनं, नकाशावर चिकटवायला पिवळ्या चिठ्ठ्या, बोट लावलं की अलगद उघडणाऱ्या. माझं अ‍ॅप म्हणजे करडा पडदा आणि चौकोनी बटणं.

"हे काय तहसील कार्यालय उघडलंस?" ती म्हणाली.

मी दोन्हींत मराठीत "कडुनिंब" असं लिहिलं आणि शोधायला लावलं. तिचं अ‍ॅप म्हणे, काही सापडलं नाही. "अरे मेल्या, डोळ्यासमोर आहे की!" मी पडद्यावरच ओरडले. इंग्रजीत लिहिलेलं त्याला बरोबर सापडायचं, मराठी आली की आंधळं. माझ्या करड्यानं मुकाट्यानं कडुनिंबावर लाल ठिपका पेटवला. शिवाय ते नेटवर्कशिवाय चालायचं आणि त्याच्या चिठ्ठीत पानभर मजकूर मावायचा. तिच्या चिठ्ठीत दोन ओळी.

"दोन ओळी बस्स की," उज्वला म्हणाली. "घर नंबर, नाव, माणसं किती. पुराण लिहायचंय का?"

"हाव, लिहायचंय!" मी म्हणाले. खरं तर काय लिहायचंय ते मलाही माहीत नव्हतं. पण जे लिहिलेलं परत सापडत नाही ते लिहून काय उपयोग, एवढं मला कळत होतं. शेवटी दोघींनी करडंच घेतलं. ती दोन दिवस फुगून बसली होती.

गावात पहिल्याच दिवशी केवळाबाई भेटल्या. सत्तरीच्या, अंगानं काटकुळ्या. सगळ्यांना चहा दिला आणि बाकीचे उठल्यावर मला दाराआड ओढलं.

"लेकी, तुझ्या नकाशात माझी पोरगी येती का?"

"कुठलं घर, मावशी?"

"घराचं न्हाई म्हनत. पोरीचं म्हनते. शिवगंगा. चार वर्साची होती. सरकारी कागदावर 'मुलगी, वय चार' येवढंच हाय. फोटू कदी काढलाच न्हाई. आन् गावात कुनी तिचं नाव काढत न्हाई. मालक होते तवर आमी दोघं बोलायचो. आता मी येकलीच. कदी कदी वाटतं, मीच मनानं तयार केली का काय ती पोर."

"कुणी सांगितलं तर मी लिहीन," एवढंच मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि कपबश्या गोळा करायला लागल्या.

मग आमचं काम सुरू झालं आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. मी विचारायची, "तुमचं घर कितवं?" घर नंबर एकालाही सांगता येईना. शेषेराव काका माजी सरपंच, बारीकसारीक हिशेबाचे, तेसुद्धा म्हणाले, "नंबर कशाला? शिवप्पा तेली सकाळी जिथं दात घाशीत बसायचा ना, त्याच्या समोर." शिवप्पा तेली कुठं राहायचा? "आमच्या समोर." घ्या! मी कपाळावर हात मारला. त्या गावात जागा माणसावरून ओळखायची आणि माणूस त्याच्या खोडीवरून. मी चिडत चिडत सगळं टिपत गेले. कोण कुठं घसरून पडलं, कुणाची म्हैस कुणाच्या दारात बसायची, कुणी कुणाला कुठल्या कोपऱ्यावर शिव्या घातल्या.

आणि मग नकाशा हलायला लागला. खरंच सांगते, दुसरा शब्द नाही. एक दिवस मी चावडीपासून वेशीपर्यंत बोट फिरवत माझ्या सगळ्या चिठ्ठ्या वाचत गेले आणि मला पिठाच्या गिरणीचा आवाज आला. ज्या गावाची एक भिंत मी पाहिली नाही, तिथं मी न चुकता चालत होते. उज्वलाला बोलावलं. तिनं वाचलं आणि हळूच म्हणाली, "मुबश्शिरा, हे तहसील कार्यालय न्हाई गं."

शेषेराव काकांच्या चिठ्ठीत ती पोर पहिल्यांदा आली. बैलांच्या गोठ्याची जागा दाखवताना ते हसले. "हितं केवळाबाईची शिवगंगा यायची. बैलाला भाकरी चारायची, सोताच्या ताटातली." मग एकदम इकडंतिकडं बघत आवाज खाली आणला. "तिच्यापुढं बोलू नको बरं. लेकरू गेलेल्या बाईपुढं आमच्यात त्या लेकराचं नाव काढत न्हाईत. तीस वर्सं आमी पाळलंय."

मला असा राग आला! मायेनं पाळलेलं ते, ठाऊक आहे. पण त्या मायेनंच ती बाई वेडी व्हायची वेळ आली होती. तरी मी तोंड मिटून टाईप करत राहिले. पुढच्या आठवड्यात लातूरला गंजगोलाईजवळ जलीलचाचांकडं गेले. भूकंपाआधी त्या गावात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. तेही बोलता बोलता म्हणाले, "एक बच्ची यायची, शिवगंगा. कापडाची कतरण मागायची, बाहुलीसाठी." उज्वला दुसऱ्या गल्ल्या करत होती, तिच्या चिठ्ठ्या मी अजून वाचल्या नव्हत्या.

तीस सप्टेंबरच्या आधी शेवटची तपासणी म्हणून आम्ही सभागृहात प्रोजेक्टरनं नकाशा भिंतीवर पाडला. दुपारची वेळ, दहा-पंधरा म्हातारी माणसं जमलेली. दोघींच्या चिठ्ठ्या मी नुकत्याच एकत्र केल्या होत्या. जो तो आपलं नाव शोधायला सांगत होता. ठिपका लागला की पोरांसारखे हसत होते.

केवळाबाई मागून पुढं आल्या. "त्या पाटीत माजं येक नाव बघ."

"सांगा मावशी."

त्यांनी सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगितलं. "शिवगंगा."

शेषेराव काकांनी माझ्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. मी अक्षरं टाईप केली. एकच मनात होतं, या अल्लाह, बाईला दोन तरी ठिपके दिसू देत.

भिंतीवर ठिपके पेटले. गोठा. शिंप्याचं दुकान. मग वेस. गिरणी. मारुतीचा पार. विहिरीकडची वाट. दर्ग्याची पायरी. एकामागून एक लागतच गेले, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वीस-बावीस माणसांनी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या घरांत बसून आपल्या जागा सांगितल्या होत्या, आणि सगळ्यांच्या जागांतून एकच पोर पळत गेली होती.

"वाच," केवळाबाई म्हणाल्या.

मी वाचायला लागले. गिरणीत पिठाच्या ढिगात बसून पांढरी झालेली. पारावरच्या म्हाताऱ्याची काठी पळवणारी. दर्ग्याच्या पायरीवर साखरेसाठी हात पसरणारी. टॅब मी उज्वलाकडं दिला, तिनं पुढं वाचलं. मग पारावरची गोष्ट सांगणारा सिद्धेश्वर आप्पा उठला आणि राहिलेलं तोंडानंच सांगायला लागला. "माजीच काठी होती वहिनी, आन् सापडली कुटं, तर तुमच्याच चुलीम्होरं!" लोक हसले आणि डोळे पुसायला लागले. शेषेराव काकांनी तर टोपीतच तोंड घातलं.

केवळाबाई रडल्या नाहीत. भिंतीजवळ गेल्या आणि दर्ग्याच्या ठिपक्यावर बोट टेकवलं. दर्गा वेशीबाहेर, ओढ्याच्या पलीकडं. तिथून आपल्या घरापर्यंत त्यांनी बोटानं अंतर पाहिलं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"येवढ्या लांब?" त्या म्हणाल्या. "ओढा वलांडून? आन् मला सांगायची, घरामागंच खेळत हुते." त्यांनी पदर खोचला. "येऊ दे घरी. बघतेच तिच्याकडं."