फुंकरीचं पाणी आणि मूठभर मटण

सारीबुलाक गावच्या सांस्कृतिक भवनात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती, कारण पाय ठेवायच्या जागी सगळीकडे बाटल्या होत्या! पाच लिटरच्या, दहा लिटरच्या, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, एकीनं तर चक्क दुधाची किटली आणलेली. सगळ्यांची झाकणं उघडी. बायका श्वास रोखून बसलेल्या. आणि स्टेजवर पांढऱ्याशुभ्र झग्यात, पांढरा रुमाल डोक्याला घट्ट बांधून, माइक ओठांशी धरून अक्मराल आना, म्हणजे सगळ्यांची 'आई' अक्मराल. फूऽऽऽ!

ही फुंकर म्हणे स्पीकरमधून निघायची आणि थेट बाटलीत शिरायची. मागच्या रांगेतल्या एका बाईनं भीत भीत विचारलंसुद्धा, "आना, इथपर्यंत पोचली का हो?"

आना गोड हसली. "जिच्या मनात शंका, तिच्या बाटलीत नुसतं पाणी."

झालं! मग कोण विचारतंय?

तिच्या मागे भिंतभर मोठा फोटो. त्यात तीच, पण एकशे चाळीस किलोची. फोटोकडे बोट दाखवून ती सांगायची, "तीन वर्षांपूर्वीची मी! माझे पूर्वज स्वप्नात आले, पांढऱ्या घोड्यावर बसून. म्हणाले, पोरी, तुझ्या अंगावर चढलंय ते मांस नाही, लोकांची नजर आहे. फुंकून टाक! मी फुंकलं. वर्षात निम्मी झाले. ना डॉक्टर, ना गोळी, ना सुई, ना सुरी!"

आणि 'सुरी' म्हणताना ती हटकून झादिराकडे बघायची. मग सगळं सभागृह मान वळवून झादिराकडे बघायचं. कुणीतरी खुसखुसायचंच.

आता झादिरा कोण? अहो, सारीबुलाकमध्ये लग्न असो, बारसं असो, बाळाचं पहिलं पाऊल असो, माइक झादिराच्याच हातात! कुणी कधी बोलायचं, कुणी गायचं, कुणी कुणाला भरवायचं, सगळं तिच्या तोंडून. आधी ती स्वतःच एवढी जाड होती की दारातून शिरतानाच म्हणायची, "मंडळी, दोन पाहुण्या आल्यात, खुर्ची एकच द्या!" लोक लोळायचे हसून. पण घरी गेल्यावर तिला जिना चढता यायचा नाही. झोपेत श्वास अडकायचा, नवरा बिचारा रात्रभर तिला हलवत बसायचा. शेवटी ती तुर्कस्तानात गेली, पोटाचं ऑपरेशन करून घेतलं आणि परत आल्यावर पहिल्याच लग्नात माइकवरून सांगून टाकलं, "हो, कापलं पोट! एवढुसं ठेवलंय, लेकराच्या मुठीएवढं."

आता ती धावत जिना चढायची. रात्री गाढ झोपायची. लेकाबरोबर बर्फात घसरायला जायची, ही केवढी गंमत! पण सगळी गंमतच होती असं नाही हं. न्हाणीत केसांचे पुंजके निघायचे. दंडाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबायची. गोळ्या जन्मभराच्या. आणि जी बाई जेवणावळींवर जगते, तिला जेवणावळीत तीन घास! यजमान तोंड फुगवायचे, "का गं, आमचं मटण गोड लागत नाही?" चुकून गोडाचा मोठा घास गेला की छाती धडधडायची, दरदरून घाम फुटायचा, आणि आतल्या खोलीत रचलेल्या पाहुण्यांच्या कोटांच्या ढिगावर जाऊन आडवं पडावं लागायचं. शिवाय तिचे विनोदही चालेनासे झाले. जाड बाईच्या विनोदाला लोक हसतात. बारीक झालेल्या बाईच्या विनोदावर विचार करत बसतात.

आणि टोमणे तर रोजचे. "आळशी मेली, पोट कापून आली! आनाला बघा, नुसत्या फुंकरीवर!"

हे सगळं झादिरानं गिळलं असतं. पण मधे आली रौशान अपा.

रौशान तिची थोरली बहीण. आई गेल्यावर झादिराला तिनंच वाढवलेलं. अपाला वर्षानुवर्षं मधुमेह, रोज इन्सुलिन. तिचंही ऑपरेशन ठरलं होतं, तपासण्या झाल्या होत्या, बॅग भरायची बाकी होती. तेवढ्यात ती शेजारणीबरोबर त्या भवनात गेली, आणि आनानं तिच्या दंडावर बोट ठेवून सांगितलं, "सुई टोचलेल्या अंगात फुंकर शिरत नाही गं बाई."

अपानं त्याच संध्याकाळी इन्सुलिन कचऱ्यात टाकलं.

आणि वाईट काय झालं माहितीये? ती बारीक व्हायला लागली! भराभर! "बघ झादिरा, घागरा सैल झाला! सुरी नाही, काही नाही!" बोलता बोलता बरणी तोंडाला लावायची, घटाघटा प्यायची, धावत बाहेर जाऊन यायची, पुन्हा बरणी. तहान भागायचीच नाही. मग एक दिवस झादिरानं तिचा पाय बघितला. अंगठा काळानिळा.

"अपा, हे काय?"

"बूट चावला."

"हा बूट नाही, अपा. दवाखान्यात चल. आत्ता!"

"आना म्हणाली, वाईट बाहेर पडतंय. पंधरा दिवस धीर धर." आणि वर हात धरून म्हणाली, "रविवारी मी आनाच्या मानाचं जेवण ठेवलंय. माइक तूच धर हं."

दवाखान्यातल्या गाउहार डॉक्टर दोनदा येऊन गेल्या. अपानं दार उघडलं नाही. झादिरा हातापाया पडली, ओरडली, रडली. काही उपयोग नाही. घरी जाताना तिच्या दातांचा आवाज रस्त्यावर ऐकू येत असेल, इतकी ती चिडली होती.

"धरते की माइक," ती स्वतःशीच म्हणाली. "असा धरते की तू जन्मात विसरायची नाहीस, आना."

कारण झादिराच्या डोक्यात केव्हापासून एक किडा वळवळत होता. दोन जेवणावळींत तिनं आनाला नीट बघितलं होतं. आना एक घास घ्यायची आणि चावत राहायची, चावत राहायची, अगदी रवंथ. जेवताना चहाचा थेंब नाही. सगळे हात धुऊन उठले की मग एक घोट. आणि ताटातलं मटण? ते हळूच रुमालात, रुमाल बाहीत! झादिराला हसूच फुटलं होतं. तिचाही रुमाल दर जेवणावळीत हेच करायचा. दोन्ही रुमाल एकाच शाळेत शिकलेले! म्हातारी मंडळी मानाचा घास भरवायला उठली की आनाचा मदतनीस सागिन मधे यायचा, "आना व्रतात आहेत, आना व्रतात आहेत." कसलं व्रत ते कुणी विचारायचं नाही.

रविवार उजाडला. अपाच्या घरात ही गर्दी! मोठ्या परातीत वाफाळणारं बेशबार्माक, म्हणजे रश्श्यात उकडलेल्या पोळ्या, वर घोड्याच्या मटणाचे काप, मेंढीच्या शेपटाची चरबी चकाकतेय. मानाच्या जागी आना. दाराशी गाउहार डॉक्टर, कारण झादिरानं मुद्दाम बोलावलेलं. आणि आनाच्या शेजारी झादिरानं कुणाला बसवलं? तोक्तार अतांना! अता म्हणजे आजोबा, नव्वदीचे, गावातले सर्वांत मोठे. त्यांच्या हातचा घास नाकारायचा म्हणजे सगळ्या गावाच्या तोंडात मारल्यासारखं.

झादिरानं माइक उचलला. "मंडळी! आमच्या आनानं गावाला एवढं दिलं, गावानं आनाला काय दिलं? आज आमचे अता स्वतःच्या हातानं आनाला भरवणार!"

टाळ्याच टाळ्या. सागिन उठला, "आना व्रता..."

"बस रे," अता म्हणाले. "माझ्या हाताला व्रत लागत नाही. आ कर, पोरी."

आनाचा चेहरा बघायला हवा होता! अतांनी बोटांनी मटण, चरबी, पोळीचे तुकडे गोळा केले, चांगली मूठभर, आणि घातली तिच्या तोंडात. सगळे बघतायत. रुमाल काढणार कसा? गिळली. वर झादिरा माइकवरून गाणं म्हटल्यासारखं म्हणाली, "आणि तोंड गोड!" अपानं स्वतः, प्रेमानं, मधात बुडवलेला झेंतचा, म्हणजे भरडलेल्या बाजरीचा, लाडू तिला भरवला.

झालं. आधी आनानं छातीवर हात दाबला. डोळे मोठे. तोंडातून लाळेच्या तारा. मग थोड्या वेळानं कपाळावर घाम, ओठ पांढरे, हात थरथर. ती आडवीच झाली.

"पूर्वज आले!" सागिन किंचाळला. "घोडा आला! आनाच्या अंगात पूर्वज आले!"

आणि काय सांगू, लोक गुडघ्यांवर! एकीनं तर तिथेही बाटलीचं झाकण उघडलं! अपा हात जोडून रडायला लागली, "माझ्या घरी आले, माझ्या घरी!"

झादिरा शांतपणे अतांसमोर येऊन बसली. "अता, आता मला भरवा. तेवढंच. अगदी तेवढंच."

"पोरी, तुला चालत नाही ना?"

"आज चालवते."

अतांनी बाही मागे सारली. मग मूठ भरली. वर तिनं स्वतःच झेंतचा लाडू उचलला आणि तोंडात टाकला.

माइक अजून हातातच होता. "मंडळी, आता माझ्याही अंगात येणार आहेत. काय काय होणार ते आधीच सांगते, मोजून घ्या. आधी इथे, छातीच्या हाडामागे, दगड बसेल. मग लाळ. मग घाम, कानात धडधड, हात कापतील, मी आडवी होईन. आनाला झालं तस्संच. त्याच क्रमानं. फक्त माझे पूर्वज घोड्यावरून नाही, विमानानं येतात. तुर्कस्तानातून!"

कुणी हसलं नाही. आणि झालं तसंच! दगड. लाळ. घाम. गाउहार डॉक्टरांनी एका हातानं झादिराची नाडी धरली, दुसऱ्या हातानं आनाची. "दोघींची सारखीच पळतेय," त्या म्हणाल्या. "लहान केलेल्या पोटातून गोड सरळ आतड्यात ओतलं की असंच होतं. फुंकरीनं बारीक झालेल्या बाईला हे व्हायचं काही कारण नाही."

झादिरा आडव्या आडव्या म्हणाली, "माझ्या पोटावर पाच व्रण आहेत. आतल्या खोलीत चला, बायकांना दाखवते. आनाही दाखवेल. का गं आना, नजर लागेल का?"

आना उठून पळणार होती, पण पाय कुठे चालतायत! बायकांनी तिला धरूनच आत नेलं. मागून लंगडत लंगडत अपा गेली. तिला आपल्या आनाची इभ्रत वाचवायची होती ना!

दार लागलं. मग अपा बाहेर आली. तिचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"पाच," ती म्हणाली. "झादिरासारखेच. जागासुद्धा त्याच."

"मग मी कशी बारीक झाले?" असं तिनं विचारलंच. फार हळू. गाउहार डॉक्टरांनी तिचं बोट टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. मशीननं आकडाच दाखवला नाही. साखर त्याच्या मापाबाहेर गेली होती! "इन्सुलिन नाही, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "साखर लघवीतून वाहून जाते, शरीर स्वतःलाच खातं. हे बारीक होणं नाही, रौशान. हे संपणं आहे." आणि त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

आत कोटांच्या ढिगावर आना एका टोकाला, झादिरा दुसऱ्या टोकाला. आना कण्हत म्हणाली, "मारणार होतीस मला!"

"छे! किती दुखतं मला माहीत आहे. तासाभरात उतरेल. माझ्या बहिणीचा अंगठा मात्र उतरवावा लागेल."

"खरं सांगितलं असतं तर लोकांनी तुझ्यासारख्या शिव्या घातल्या असत्या मला!"

"मग? मीही खाल्ल्याच ना! मावल्या की माझ्या एवढुशा पोटात."

माफी? आना पुटपुटली काहीतरी, पण झादिरानं भिंतीकडे तोंड केलं. तिला माफ करायचंच नव्हतं.

अपाचा अंगठा गेला. पाय वाचला, जीव वाचला. आणि अपा सुईला आता एक दिवस विसरत नाही. ऑपरेशनचं म्हणाल तर ती म्हणते, "साखर ताळ्यावर येऊ दे, मग डॉक्टरांना विचारून ठरवते." बहिणीला म्हणते, "केस गळतात, कातडी लोंबते, हे तू मला खरं सांगितलंस. म्हणूनच तुझ्यावर विश्वास."

आना सारीबुलाकमधून रातोरात गेली, पण तिचा तो भिंतभर फोटो भवनात राहिला. झादिरानं तो उतरवू दिला नाही! शेजारी आपला तेवढाच मोठा, तेवढाच जाड फोटो लावला आणि खाली लिहिलं: 'दोघींवर एकच इलाज झाला. एकीनं सांगितलं.'

त्याच स्टेजवर ती उभी राहिली तेव्हा, काय सांगू, बायका सवयीनं बाटल्या घेऊन आलेल्या! झाकणं उघडून!

"झाकणं लावा," झादिरा माइकवर म्हणाली. "घरी न्या, चहा करा. आणि उद्या कुणी चमत्कार सांगितला ना, तर तीनच गोष्टी विचारा. आधीच सांगता येईल का, काय होणार? दुसऱ्या कुणावर तसंच होतं का? आणि कपड्याखाली काय आहे? विचारल्यावर जो रागावेल, त्याचं पाणी पिऊ नका. औषध तर त्याच्या सांगण्यावरून कधीच टाकू नका."

मागून एक बाई कुजबुजली, "पण शंका घेतली तर..."

पहिल्या रांगेत अपा बसली होती. तिनं बूट काढला, मोजा काढला आणि पाय वर केला. चार बोटं.

सगळ्या भवनात झाकणं फिरल्याचा आवाज झाला.