नाव नसलेला तलाव

पीएच.डी.साठी पुष्पा लांजेवार नागपूरहून साकोलीकडच्या एका गावात यायची. कारखानदारी आणि भोवतालचं पाणी हा तिचा विषय होता. गावाच्या तलावात उकड्या तांदळाच्या गिरणीचं आंबलेलं पाणी येत होतं. मासे मरून वर आले होते आणि तलावाखालच्या शेतांतला धान नासला होता. गावाने गिरणीवर दावा लावला होता. पुष्पाच्या लिहिण्याने त्याला बळ येईल, म्हणून गावातली कुंताबाई तिला घरी ठेवून घ्यायची, जेवू घालायची.

१९८६ साली प्रबंध तयार झाला. मार्गदर्शक म्हणाले, "गिरणीने आत येऊ दिलं ते नाव छापायचं नाही या अटीवर. गावाचंही काढा, नाहीतर प्रबंध पुढे जाणार नाही."

पुष्पाने वाद घातला, आणि शेवटी दोन्ही नावं काढली. तिला पदवी मिळाली.

गावाच्या वकिलाने तोच प्रबंध कोर्टात ठेवला. गिरणीच्या वकिलाने विचारलं, यातला तलाव हाच कशावरून? पुष्पाने साक्ष दिली, पण तिच्याच प्रबंधात नाव नसल्याने तिचं बोलणं टिकलं नाही. दावा फेटाळला गेला.

ती कुंताबाईला भेटायला गेली.

"आमच्या तलावाचं नाव काहून नाही टाकलं जी?"

"काढायला लावलं."

"अन् तुमचं?"

"ते आहे."

कुंताबाईने मान हलवली. मग ती हंडा घेऊन शेजारच्या गावच्या विहिरीकडे निघाली. पुष्पाला तिने बसा म्हटलं नाही.