डाग आणि सूज
ताई यंत्राच्या बोगद्यातून पुन्हा काहीतरी बोलली आणि काचेपलीकडच्या तंत्रज्ञ बाईंनी एमआरआय थांबवला.

"आजी, काही होतंय का?"

"मला काही होत नाही. तुमच्या यंत्राच्या ठोक्यांना ताल नाही, एवढंच म्हणत होते."

"बोललात की डोकं हलतं. फोटो पुसट येतात."

ताईने उभं आयुष्य टेलिफोन खात्यात लोकांची बोलणी जोडून देण्यात घालवलं होतं. स्वतःचं बोलणं तोडायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. शेवटी बाईंनी बाहेर बसलेल्या धाकटीला घड्याळ, पिना काढायला लावून आत नेलं. ताईच्या मेंदूतल्या गाठीला रेडिएशन द्यायचं ठरलं, तेव्हापासून ही धाकटी बहीण तिच्याकडेच राहत होती आणि स्वयंपाकघरावरून दोघींची रोज जुंपत होती.

धाकटी बोगद्याच्या तोंडाशी वाकली.

"ताई, आता एक शब्द जरी बोललीस, तर उद्यापासून फोडणी मी घालणार."

त्यानंतर ताईने श्वासही जपून घेतला.

दुपारी डॉक्टरांनी पडद्यावर दोन फोटो शेजारी लावले, एक उपचाराआधीचा, एक आजचा.

"डाग थोडा मोठा दिसतोय."

धाकटीने उगाचच पर्स उघडली आणि मिटली.

"पण रेडिएशननंतर सूज येते, तीही अशीच दिसते. गाठ वाढलीय की नुसती सूज आहे, हे आज सांगता येणार नाही. दोन महिन्यांनी पुन्हा फोटो काढू."

"म्हणजे मी एवढी तोंड शिवून पडले आणि तुम्हालाही कळलं नाही?"

"नाही कळलं," डॉक्टर म्हणाले.

"सांगितलंत हे बरं केलंत. आमची ही, कळलं नाही की आवाज चढवते."

डॉक्टर हसले. धाकटी पडद्याकडेच पाहत राहिली.

परतताना ताई चपलांच्या दुकानात शिरली. तिला काचेतले लाल बूट आवडले होते. धाकटी मुकाट्याने मागोमाग गेली. एरवी तिने रंगावरूनच वाद घातला असता.

"जरा घट्ट होतायत," ताई म्हणाली.

"नवे आहेत, आजी. दोन-तीन महिने वापरलेत की सैल होतील," दुकानदार म्हणाला.

ताईने बुटांकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

"चावतायत का?" धाकटीने विचारलं.

"चांगलेच."

"मग रोज घालायचे. कपाटात ठेवून द्यायचे नाहीत," असं म्हणून धाकटीने ताईच्या जुन्या चपला पिशवीत भरल्या.